कापूस भरलेली दारं

बाबांनी गाडी आणली त्या दिवशी मी जेवले नाही. आईनं ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढून ताटावर ताट झाकलं आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं चुलीला सांगितलं, "पोट नाई रुसलं, पोरगी रुसली. सकायी थेच पोट बोंबलन." झालंही तसंच. उजाडताच उठून मी ती शिळी भाकर खाल्ली, पण अंगणातल्या गाडीकडे रागानं बघत खाल्ली. म्हणजे निषेधात खंड पडायला नको.

गाडी काही मोठी नव्हती. मागचं झाकण वर उघडणारी, चार दारांची, पांढरी, छोटी. बेल्लमपल्लीच्या कोळसाखाणीवरच्या एका डॉक्टरनं वापरून सोडलेली, त्यामुळे फटीफटीत कोळशाची काळी भुकटी बसलेली. बाबा आदिलाबाद जिल्ह्यात, वांकिडीजवळच्या मराठी शाळेत मास्तर होते. आमच्या वस्तीतले पहिले मास्तर. त्यांचे वडील पाटलाकडे सालगडी होते, आणि बाबा स्वतः लहानपणी त्याच पाटलाच्या जीपमागे धुळीत पळालेले. अशा माणसाला वय उतरणीला लागल्यावर एक जुनी गाडी घ्यावीशी वाटली, तर त्यात कुणाचं काय गेलं? हे मी आज विचारते. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती: माझं पत्रक.

पत्रकाचं सांगायला हवं. मी आसिफाबादला कॉलेजात होते, आणि आमचं चार-पाच पोरापोरींचं एक मंडळ होतं. आम्ही सभा कमी घ्यायचो, पत्रकं जास्त काढायचो. ती लिहायचं काम माझ्याकडे. पाटलांवर, ठेकेदारांवर, तहसीलीतल्या बाबूंवर लिहून झालं होतं, म्हणून त्या खेपेला मी आपल्याच माणसांकडे वळले. मथळा होता, 'काच वर करणाऱ्या साहेबा!' नोकरी लागली, शहरातल्या कॉलनीत घर झालं, आणि आता वस्तीच्या रस्त्यावरून जाताना गाडीची काच वर होते. धूळ आत येऊ नये म्हणून, आणि ओळखही आत येऊ नये म्हणून. 'तुला वर चढवलं ज्यांनी, त्यांच्या तोंडावर तू काच चढवतोस?' असं मी विचारलं होतं. आजही मला ते वाक्य वाईट वाटत नाही. छापण्याआधी बाबांनी ते वाचलं, लाल पेनानं चार ठिकाणी दुरुस्त केलं आणि म्हणाले, "चांगलं लिवलं. थोडं लांबलं."

पत्रक फार गाजलं. इतकं की पोरं कुठलीही गाडी दिसली की "काच वर! काच वर!" ओरडत मागं धावायची, छपराची बैलगाडी गेली तरी ओरडायची. सगळ्यात जास्त ते भावलं सांबाआजाला. सांबाआजा माझ्या आजोबांच्या जोडीचा, पाटलाकडचा जुना सालगडी. वाचता येत नसे, म्हणून त्यानं ते माझ्याकडून वाचून घेत घेत पाठ केलं होतं. पाटलाची जीप वाड्यापुढे थांबली की धावत जाऊन दार उघडायचं आणि पाटील उतरेपर्यंत ते धरून उभं राहायचं, हे त्याचं तरुणपणातलं काम. पत्रकाची घडी तो फेट्यात ठेवायचा. "हे लिवलं पोरीनं," म्हणायचा, "जीपवालेही आले याच्यात."

आणि त्यानंतर जेमतेम महिनाभरात आमच्याच अंगणात गाडी. मंडळातला एक जण मला म्हणाला, "करुणाताई, आता पत्रकाची दुसरी आवृत्ती काढू, तुमच्या घरापासून सुरुवात करू." तो हसला, मी हसले नाही. घरी येऊन बाबांना म्हटलं, "मी या गाडीत बसणार नाही." बाबा अंगणात बाजेवर बसून चहा पीत होते. म्हणाले, "नको बसू. पन एक आयक. माह्या गाडीची काच खालीच राहीन. थंडी असो, धूळ असो. वस्तीतून गाडी जाईन थे काच खाली ठेवूनच जाईन. लिहून देऊ का?" मी म्हटलं, नको.

गाडीची सीटं बरी होती. दारं मात्र आतून फाटली होती. दाराच्या आतल्या अंगाला फळी असते, पुठ्ठ्याहून कडक आणि लाकडाहून हलकी. तिच्यावर फोम आणि फोमवर रेक्झिन. उंदरांनी रेक्झिन कुरतडलं होतं आणि फोमचं पीठ झालं होतं. दार लावलं की ते मांडीवर सांडायचं. भीमजयंती जवळ आली होती. चंद्रपूरहून वेणूताई येणार होत्या. सगळं आयुष्य पायी फिरून काम केलेली बाई, माझं दैवत. आणि त्या दिवशी त्यांच्याच मंचावर मला दहा मिनिटं बोलायला मिळणार होतं. त्यांना बसथांब्यावरून वस्तीत आणायचं कसं, असा प्रश्न निघाला तेव्हा जयंतीच्या समितीनं बाबांकडे पाहिलं, आणि बाबांचा चेहरा असा उजळला की मला विरोध करता आला नाही. "पन आंदी दारं नीट करतो," ते म्हणाले. "पाव्हन्याच्या पदरात भुसा नको."

सीटं शिवणारा कारागीर कागजनगरला होता, पण तो म्हणाला जयंतीनंतर. मग बाबांनी घरीच मांडलं. शाळेतून आले की सदरा काढून गाडीपाशी. मीही हात लावला. आत बसणार नव्हते, पण दार उघडं ठेवून बाहेरून काम करायला माझ्या तत्त्वाची हरकत नव्हती. आधी काचा पूर्ण वर करून घेतल्या, नाहीतर दाराच्या पोटात त्या आड येतात. मग काच फिरवायचं हँडल काढायचं. त्याच्या मागं तारेची एक क्लिप दडलेली असते. हँडलमागं चिंधी घालून करवतीसारखी ओढली की ती सुटते, असं कुणी बाबांना सांगितलं होतं. आईनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली. बाबांनी ओढली. क्लिप उडाली ती थेट कोंबड्यांत, आणि एका तलंगीनं ती चोचीत धरून पळ काढला. अर्धी वस्ती त्या तलंगीमागं. फळीच्या कडा दारात खुंट्यांनी रुतलेल्या असतात. त्या उचकटायला आईचं उलथनं घेतलं. "माहं उलथनं वाकडं केलं," आई आतून ओरडली, "तं उद्यापासून भाकरी गाडीवरच भाजा!"

असं हसत-खिदळत चाललं होतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. माझा राग दिवसा असायचा, संध्याकाळी नसायचा. चार फळ्या अंगणात ओळीनं मांडल्या, सोललेल्या. दाराचं पोट उघडं पडलं, आत दांडे, खटके, काळपट वंगण. जुनं रेक्झिन नव्यावर ठेवून खडूनं आखलं, निळं रेक्झिन. मग बाबांनी बाजारातून आणलेला फोम काढला. आईनं तो दोन बोटांत दाबून पाहिला.

"हे काय? पापड हाये का?"

"इतकाच असते त्याच्यात," बाबा म्हणाले.

"डॉक्टरच्या गाडीत असन. वेनूताई बसनार ना याच्यात? पाव्हनी कोपर टेकवन तं फयी लागन तिले."

आमच्याकडे पाहुण्याला पातळ गादी घालणं म्हणजे जेवायला बोलावून भात कमी वाढण्यासारखं. लेकीच्या लग्नात गादीत कापूस किती, यावरून सोयऱ्यांत वर्षभर बोलणी चालतात. बाया गादीवर तळहात दाबून बघतात आणि मग नाक मुरडायचं की नाही ते ठरवतात. आई मास्तरची बायको म्हणून मास्तरीण झाली तरी हंगामात कापूस वेचायला जायचीच. फरदडीचा, म्हणजे शेवटच्या वेचणीचा कापूस तिनं पोत्यात राखून ठेवला होता. सरकी काढली, पिंजला, आणि फळीफळीवर थर घातले. वाकळ घालतात तसे, आडवे, मग उभे. बाबा "पुरे" म्हणायचे आणि ती आणखी एक मूठ घालायची. त्यावर रेक्झिन ताणून कडा मागं दुमडल्या, सोल्यूशन लावून चिकटवल्या, वर वरवंटा आणि विटा ठेवल्या. सुकल्यावर फळ्या उशांसारख्या टुमटुमीत झाल्या. शेजारच्या बाया येऊन तळहात दाबून गेल्या. कुणीही नाक मुरडलं नाही.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी बसवायला घेतल्या. खुंट्या भोकापर्यंत पोचेनात. बाबांनी गुडघा दिला, मी बाहेरून पाठ लावली, तेव्हा एकेक खुंटी टचकन बसली. हँडल कापसात बुडालं. दांड्याच्या टोकावर त्याच्या दातांनी कशीबशी पकड धरली. दार आतून उघडायचा खटका एका खळग्यात असतो. त्या खळग्याभोवती कापूस असा फुगून आला की खटका बेंबीसारखा दिसायला लागला. सोल्यूशनचा वास जावा म्हणून चारही दारं उघडी ठेवली. काच खाली-वर करून कुणी पाहिली नाही. दार लावून आतून कुणी उघडून पाहिलं नाही. सगळे तळहात दाबण्यात गुंतलेले.

सकाळी मी हार घेऊन चालत बसथांब्यावर गेले. बाबा मागून गाडी घेऊन आले. त्यांचं दार जाडीमुळे नीट लागलं नव्हतं, ते एका हातानं धरून आले होते. राजुऱ्याकडची बस आली. वेणूताई उतरल्या, पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी, पाय धुळीनं भरलेले. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "वाकू नको, गाडीत बस." मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी चालत येते."

"काऊन? गाडी चावते का?"

दैवताला काय सांगणार? बसले. जन्मात पहिल्यांदा त्या गाडीत, मागच्या सीटवर, ताईंच्या शेजारी. बाबांनी आमची दारं बाहेरून जोरानं लावली, मग आपलंही दणका देऊन लावलं. गाडी निघाली. एप्रिलचं ऊन आणि सोल्यूशनचा वास. बाबांनी काच खाली घ्यायला हँडल फिरवलं. ते गरगर फिरलं, काच हलली नाही. पुन्हा फिरवलं. आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बाजूचं फिरवलं. तेही गरगर.

वेणूताईंनी पिशवीतून कागद काढला. "हे तूच लिवलं का? चंद्रपूरले आलं आमच्याकडे." आणि मोठ्यानं वाचायला लागल्या, "'काच वर करणाऱ्या साहेबा!'" दोन ओळी वाचल्या, थांबल्या, घाम पुसला, शेजारच्या बंद काचेकडे पाहिलं, पुढच्या बंद काचेकडे पाहिलं. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "हे पोरगी तुमची का?"

"माहीच," बाबा म्हणाले. त्यांची पाठ सदऱ्याला चिकटली होती.

वस्तीच्या कमानीपाशी सगळे उभे. निळे झेंडे, लेझीम, हातात फुलं घेतलेल्या बाया. पोरांनी गाडी पाहिली आणि सवयीनं ओरडली, "काच वर! काच वर!" मजेत ओरडली. माणसं काच खाली होण्याची वाट पाहत राहिली. कुणी हात पुढे केला, कुणी वाकून आत पाहिलं. काच खाली होईना. पोरं गप्प झाली. आणि मग एक मोठ्या माणसाचा आवाज आला, त्याच शब्दांचा, पण त्यात मजा नव्हती. "काच वर." मी लिहिलेले शब्द मी आतून ऐकत होते. काचेपलीकडून ते कसे लागतात हे लिहिताना कुठं ठाऊक होतं?

बाबांनी खटका ओढला. कापसानं तो धरून ठेवला होता; दार उघडेना. त्यांनी खांदा लावला, तरी नाही. मग त्यांनी तेच केलं जे बंद गाडीतला कुणीही करील: बाहेरच्यांना हातानं खूण केली, दार उघडा म्हणून. पण बाहेरून ते काय दिसलं असेल! मास्तर गाडीत बसलेला, काच वर, आणि बोटानं खुणावतोय की या, माझं दार उघडा.

गर्दीतून सांबाआजा पुढे आला. त्याच्या हातात ताईंसाठीचा हार होता, तो त्यानं खांद्यावर टाकला. दाराची मूठ त्यानं शोधली नाही, त्याचा हात आपसूक तिथं गेला. दार उघडलं, आणि ते धरून तो बाजूला उभा राहिला, मान किंचित खाली, जशी त्या कामात घालायची असते तशी.

"उतरा, साहेब," तो म्हणाला.

बाबा उतरले. काहीतरी बोलायला गेले. आजानं दार हळू लावलं, मग मागचं उघडलं, ताईंना उतरवलं, हार घातला. मी उतरले तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या फेट्यात घडी दिसत होती.

सभेत माझं नाव पुकारलं. भाषण तयार होतं, पत्रकाचंच वाढवलेलं. मी उभी राहिले, 'जयभीम' म्हटलं, आणि पुढचं वाक्य तोंडात येईना, कारण पुढचं वाक्य काचेचंच होतं. मागून कुणीतरी खाकरलं. कुणीतरी म्हणालं, "बोला ना, साहेबाच्या पोरी." चार-पाच जण हसले. समोर पहिल्या रांगेत बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून आई उठली. पदर कमरेला खोचून. माइक नव्हता, तिला तो लागतही नसे.

"कोन हासून राह्यलं? त्यायनं नाई केली काच वर! म्या केली! फरदडीचा कापूस भरला म्या दारात, जास्त भरला. हँडल फिरत नाई, दार उघडत नाई. जा, जाऊन पाहा, दाबून पाहा! पाव्हन्याले मऊ लागावं म्हनून केलं. माह्या घरात कोनी साहेब नाई!"

एकच हशा उठला. वेणूताई तर मंचावर पदरात तोंड खुपसून हसत होत्या. लोक खरंच उठून गाडीपाशी गेले, दारं उघडून तळहात दाबून आले. "गादी हाये वो, गादी!" एकानं ओरडून सांगितलं. वस्तीचं मन निवळलं. सगळे म्हणाले, बरं झालं मास्तरीण बोलली. पण मी मंचावर उभी होते, आणि माझी आई भर सभेत आपल्या हाताचं काम चूक म्हणून सांगत होती, आणि बाबा मान खाली घालून ऐकत होते. एका गाडीच्या काचेचा खुलासा त्या दोघांना द्यावा लागला, कारण मी तिच्यावर एक चुरचुरीत वाक्य केलं होतं. मला दहा मिनिटं दिली होती. मी ती न वापरता खाली बसले. त्यानंतर मी पुष्कळ सभांत बोलले आहे, अजूनही आवाज चढतो. पण माइकपुढं उभी राहिले की आधी समोर खाली घातलेली एखादी मान आहे का, ते बघते.

पुढच्याच रविवारी बाबांनी फळ्या पुन्हा काढल्या. आईनं स्वतः शिवण उसवली आणि हँडलभोवतीचा, खटक्याभोवतीचा कापूस मुठीनं उपसून काढला. बाकीचा तसाच ठेवला. काच लोण्यासारखी सरकायला लागली. बाबांनी ती खाली घेतली आणि तशीच ठेवली. सांबाआजा आमच्याकडे येईनासा झाला. भांडण नव्हतं, समोर आला की बोलायचा, पण बाजेवर येऊन बसायचा नाही. पत्रकाची घडी फेट्यातून गेली होती. कधी गेली, कुठं गेली, मी विचारलं नाही.

आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते. आदिलाबादच्या हिवाळ्यात सकाळी हंड्यातल्या पाण्याला हात लावला की बोटं हरवतात. त्या हिवाळ्यात बाबा रोज काच खाली ठेवून शाळेत जायचे. कानाला मफलर, डोळ्यांतून पाणी, नाक लाल. आई दारात उभी राहून पाहायची, मीही पाहायची. लिहून घेतलं नव्हतं, तरी त्यांचं वचन माझ्याचपाशी गहाण होतं.

पौषात सांबाआजाला छातीत कफ झाला आणि आसिफाबादच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली. तो नको नको म्हणत असताना बाबांनी त्याला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. मी मागं बसले. येताना दिवस मावळतीला लागला होता, उघड्या काचांतून वारं आत घुसत होतं, आजानं घोंगडी गळ्यापर्यंत ओढलेली. त्यानं कोपर दारावर टेकवलं, मग तळहातानं दाबून पाहिलं. "कापूस बरा भरला सुनेनं," म्हणाला. थोड्या वेळानं खोकला. "गुरुजी, काच घ्या ना वर. मानूस मरते थंडीनं."

बाबांनी गाडी हळू केली. आरशात बघून म्हणाले, "तिले विचारा."

आजा वळला. जयंतीनंतर पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. दाढीत हसू होतं की खोकला, कळलं नाही.

"काय वो पत्रकवाली," तो म्हणाला, "घेऊ का वर?"

मी हात पुढे केला, माझ्या बाजूचं हँडल धरलं आणि आधी माझी काच वर केली. मग आजानं त्याची केली, आणि सगळ्यांत शेवटी बाबांनी.